पशुपतिनाथाला जायचे? आधी पेटीतले कागद काढा

सेलू तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"ताई, सासूबाईंचे वय ६७. पशुपतिनाथाचे दर्शन घ्यायचे म्हणून कधीच्या म्हणत आहेत. दरवर्षी काहीतरी आडवे येते. एका वर्षी बोंडअळी, एका वर्षी नणंदेचे लग्न. यंदा घरधन्यांनी मनावर घेतले आहे. यात्रा नेणारा एक माणूस माणशी आगाऊ पैसे मागतो, पण काय काय देणार ते लिहून देत नाही. हे म्हणतात, पीककर्जातून उचलू, पुढचे पुढे पाहू. आम्ही चौघे आहोत : सासूबाई, हे, मी आणि दहावीतला मुलगा. मुलगा १६ वर्षांचा आहे. आपले आपण जाता येईल का? परदेश म्हणजे पासपोर्ट लागेल ना? आधार कार्ड मात्र सगळ्यांचे आहे."

बाई, उत्तर आधी सांगते आणि कारणे मागून. आपले आपण जाता येते. पासपोर्ट नसला तरी चालते. पण चौघांनी नुसत्या आधार कार्डावर निघू नका, आणि पीककर्जाला हात लावू नका. असा प्रश्न पुष्कळ घरांत असतो, म्हणून सगळ्यांसाठीच सविस्तर लिहिते.

परदेश, पण शेजारचा

नेपाळ हा दुसरा देश खरा, पण १९५० च्या करारापासून भारत आणि नेपाळची माणसे एकमेकांच्या देशात मोकळेपणी ये-जा करतात. आपल्याला व्हिसा लागत नाही. भूतानलाही आपल्याला मतदार कार्डावर जाता येते, पण तिथे आपल्या माणसाला दर रात्रीचे १२०० रुपये सरकारी शुल्क पडते. चार माणसांच्या घराला ते झेपणारे नाही. म्हणून कमी खर्चात परदेश पाहायचा तर नेपाळच बरा.

शिवाय तिथली भाषा नागरी लिपीत लिहितात. ज्या बाईला आपले साप्ताहिक वाचता येते, तिला काठमांडूतली पाटीही वाचता येते. 'पसल' म्हणजे दुकान, 'चिया' म्हणजे चहा, आणि 'मुद्रा सटही' म्हणजे पैसे बदलून देणारा. भाव विचारताना 'कति हो?' म्हणावे. दुकानदार बाईला 'दिदी' आणि माणसाला 'दाइ' म्हटले की बोलणे सोपे होते. हिंदी तर बहुतेक सगळीकडे समजते. घड्याळ मात्र १५ मिनिटे पुढे करा, नाही तर सकाळची बस चुकेल.

कोणाला कोणता कागद?

घोटाळा होतो तो इथे. आपल्याकडे प्रत्येक कामाला आधार चालते, म्हणून लोक तेच घेऊन निघतात. नेपाळसाठी मोठ्या माणसाचे दोनच कागद मुख्य धरले जातात : पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. तुमच्या घराचा हिशेब असा पडतो.

सासूबाई ६५ च्या वर आहेत. त्यांना आधार कार्ड चालेल. २०१९ पासून ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील माणसांसाठी आधार धरले जाते.

तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघांनी आपापले मतदार कार्ड घ्यावे. अस्सल कार्ड हवे, झेरॉक्स नव्हे.

मुलगा १५ ते १८ च्या मधला आहे. त्याला शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातला ओळखीचा दाखला आणावा लागेल. परीक्षा संपून शाळेला सुटी लागण्याआधी तो मागून ठेवा.

सगळे कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचे दुसरे ओळखपत्र आणि नाते दाखवणारा कागद यांवर सवलत आहे. पण त्या सवलतीच्या भरवशावर निघू नये. जमिनीच्या वाटेने जाताना दर वेळी कागद पाहतीलच असे नाही. पाहिलेच तर मात्र घरापासून शेकडो मैलांवर वाद घालत उभे राहावे लागते. मुक्कामाच्या ठिकाणीही ओळखपत्र मागतात.

आज रात्री पेटी उघडून मतदार कार्डे पाहून घ्या. पुष्कळ सुनांच्या कार्डावर अजून माहेरचे नाव असते, काहींचा फोटो ओळखू येत नाही. दुरुस्तीसाठी किंवा नव्या कार्डासाठी नमुना ८ चा अर्ज करावा लागतो; गावचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी तो भरून घेतात. कार्ड यायला दिवस लागतात, म्हणून दोन-तीन महिने आधी कामाला लागा. आणि रेल्वेच्या तिकिटावर नाव कार्डावर आहे तसेच घाला.

कधी जावे?

आपल्याकडे पेरणी-डवरणी आटोपली की श्रावणात यात्रा निघतात. काशी-प्रयागसाठी ते ठीक आहे, पण नेपाळच्या डोंगरासाठी तो काळ वाईट. १२ जुलै २०२४ ला नारायणघाट–मुग्लिंग रस्त्यावर दरड कोसळली आणि दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपल्याच जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसे गेली. तीही आपल्यासारखीच देवाला निघालेली घरे होती. दोष कोणाचा, हे इथे बसून मी सांगणार नाही. पण त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात : पावसाळ्यात जाऊ नये, आणि डोंगरातला प्रवास रात्री करू नये. रात्रीच्या बसने मुक्कामाचे पैसे वाचतात खरे, पण इतर ठिकाणी करावी तशी ही काटकसर इथे करू नये.

मग कधी? दिवाळीच्या सुमारास हवा छान असते, पण तेव्हा आपला कापूस वेचणीला येतो. तूर, हरभरा, गहू घरात येऊन गेले, मुलाची परीक्षा झाली, की एप्रिलचा पहिला पंधरवडा आपल्या घरांना सोयीचा. काठमांडूला तेव्हा दिवसा ऊब आणि रात्री थोडा गारवा असतो. सासूबाईंसाठी स्वेटर आणि शाल घ्या. १४ एप्रिलच्या आसपास नेपाळचे नवे वर्ष लागते आणि बसेसना गर्दी होते. तो दिवस टाळून आखणी करा. मेच्या मध्यापासून वावराची कामे सुरू होतात, त्याआधी परत यायला हवे.

वाट अशी

नागपूरहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. राप्तीसागर एक्सप्रेस त्यातली एक. एक दिवस-रात्रीचा प्रवास समजा. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही तिकिटे आधीच काढा. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा सासूबाईंचे भाडे पूर्ण धरा.

गोरखपूरहून सोनौली सुमारे १०० किलोमीटर. उत्तर प्रदेश परिवहनच्या बसेस जातात. सोनौलीला उतरून कमानीखालून पायी चालत गेले की नेपाळ. पुढे चारेक किलोमीटरवर भैरहवा आहे. तिथून लुंबिनी, पोखरा, काठमांडू, तिन्हीकडे बसेस मिळतात.

माझे ऐका आणि पहिला मुक्काम लुंबिनीला करा. रेल्वेचा शीण जातो, आणि भगवान बुद्धांचे जन्मस्थान पाहून होते. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी राजा स्वतः तिथे आला आणि त्या गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचे ठरवले, असे त्यावर कोरले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही सारामाफी कास्तकाराने तरी पाहून यावी! निरनिराळ्या देशांनी तिथे विहार बांधले आहेत आणि काही ठिकाणी अल्प देणगीत साधी खोली आणि जेवण मिळते. नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांना ही वाट त्यासाठीही जवळची वाटेल.

लुंबिनीहून भैरहव्याला परत येऊन सकाळच्या बसने काठमांडू धरा. पूर्ण दिवस जातो. पशुपतिनाथाजवळ धर्मशाळा आहेत. दर्शनाला पहाटे जा. कंबरेचा पट्टा, पाकीट, चामड्याचे काहीही आत नेऊ देत नाहीत आणि आत फोटो काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंभू आणि बौद्धनाथ पाहा.

परतीला पोखऱ्याला एक दिवस थांबता आले तर थांबा. तिथल्या डोंगरावर पांढरा शांतिस्तूप आहे. तो पाहिला की आपल्या वर्ध्याचा, गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप आठवेल. आठवणारच, कारण दोन्ही फुजी गुरुजींच्या संप्रदायाचे. हे जपानी भिक्षू १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते.

पोखऱ्याहून मुक्तिनाथला नेतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते ठिकाण सुमारे ३७०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, रस्ता खडतर. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये. सासूबाईंना या खेपेला मुक्तिनाथ नको. पशुपतिनाथ सुमारे १३०० मीटरवर आहे, तिथे ही भीती नाही.

पैसे कसे न्यावे?

भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६० रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. म्हणजे नेपाळी १००० म्हणजे आपले ६२५. इतका हिशेब मुलाला पाठ करायला लावा आणि खर्चाची वही त्याच्याकडेच द्या.

तिथे भाव सांगताना 'आय.सी. की एन.सी.?' असे विचारतात. आय.सी. म्हणजे भारतीय रुपया, एन.सी. म्हणजे नेपाळी. मी एकदा हे न विचारता रिक्षात बसले. मी नेपाळी रुपये समजले, उतरताना त्याने भारतीय मागितले. चूक माझीच, भाडे आधी ठरवले नव्हते. तुम्ही बसण्याआधी विचारा.

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना बंदी घातली होती. हा नियम अधूनमधून बदलतो, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटांना अडचण नाही, म्हणून बँकेतून शंभराचे बंडल मागून घ्या. मार्च २०२४ पासून आपल्या मोबाईलवरून तिथल्या काही दुकानांत पैसे देता येतात, पण प्रत्येकाच्या बँकेची ती सोय चालेलच असे नाही. त्यावर विसंबू नका. फोनचे इंटरनेट सीमेआधी बंद करा, नाही तर बिल अंगावर येते.

पैशाचे तीन भाग करा. रोजचा खर्च यजमानांच्या खिशात, मुक्कामाचे पैसे तुमच्या कमरेच्या पिशवीत, आणि अडीअडचणीचे सासूबाईंच्या बटव्यात. तिसऱ्या भागाला गोरखपूरला परत येईपर्यंत हात लावायचा नाही.

जेवणात दालभात-तरकारी सगळीकडे मिळते आणि भात-डाळ पुन्हा वाढतात. सोबत दशम्या, जवसाची चटणी, भाजलेले शेंगदाणे असले की वाटेतला खर्च निम्म्यावर येतो. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीचेच प्या. नेहमीची औषधे पंधरा दिवसांची, चिठ्ठीसह घ्या.

घरची व्यवस्था आणि कर्जाचे

ढोरावासराचे कोण पाहणार, हे आधी ठरवा. जाऊ किंवा शेजारीण दहा-बारा दिवस पाहील, पुढे तिच्या वेळेला तुम्ही पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत मोठी आंदोलने होऊन संचारबंदी लागली होती. म्हणून निघण्याआधी बातम्या ऐका, आणि तसे काही दिसले तर खुशाल तिकीट रद्द करा. देव कुठे जात नाही.

त्या यात्रावाल्यासोबत जायचेच ठरले, तर गाडी कोणती, रात्री मुक्काम की प्रवास, जेवण किती वेळा, रद्द झाल्यास पैसे परत किती, हे लिहून घ्या आणि पावती घ्या. लिहून देत नसेल त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

आता शेवटचे, आणि हे पत्र यजमानांना वाचून दाखवा. पीककर्ज पिकासाठी आहे. ते मुदतीत फेडले तर व्याजाची सवलत मिळते. यात्रेत खर्चले तर मुदत चुकते, सवलत जाते, आणि मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानात उधारीसाठी उभे राहावे लागते. सासूबाईंना हे कळले तर त्यांना ते दर्शन गोड लागेल का? तुरीचे पैसे आले की त्यातून यात्रेचा वाटा वेगळा काढा. भाडे, मुक्काम, जेवण, दानदक्षिणा आणि अडीअडचण, अशा पाच रकमा लिहून बेरीज करा. पुरत असेल तर या एप्रिलला निघा. पुरत नसेल तर सासूबाईंना वही दाखवून सांगा की इतके जमले, इतके उरले. त्या रागावणार नाहीत. चाळीस-पन्नास हंगाम त्यांनी असेच पार पाडले आहेत.

परत आलात की पत्र टाका. कुठे किती खर्च आला तेही लिहा, म्हणजे पुढे जाणाऱ्या भगिनीला आपण तुमच्याच वहीतून उत्तर देऊ.