दारातले रान आणि विकतचा अर्ज

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एक तरुण गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत आला. वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला. वनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याने एका परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरला होता, आणि त्यातील इंग्रजी आम्ही एकदा नजरेखालून घालावे एवढीच त्याची विनंती होती. ‘हा विषय आपण का निवडीत आहात, ते स्वतःच्या शब्दांत लिहा,’ असा अर्जात प्रश्न होता. उत्तरादाखल दोन छापील पाने! बालपणापासून निसर्गाची ओढ, वसुंधरेचे रक्षण, जगावरील संकट. ही पाने त्याने पैसे मोजून लिहवून घेतली होती. आम्ही सहज विचारले, “यंदा भात कसे आले?” तो म्हणाला, “निम्मे हत्तींनी तुडवले, साहेब. वडील नि मी पंधरा रात्री मचाणावर जागलो.” मग यातले एक अक्षरही अर्जात का नाही? तो चकित होऊन म्हणाला, “ते अर्जात लिहायचे असते?”

दोष त्या मुलाचा नव्हे. दोष आमचा, या शहरातील शहाण्यासुरत्या माणसांचा आहे. डॉक्टरकी हुकली की अभियांत्रिकी, तीही हुकली की शेतकी, आणि शेतकीचेही दार लागले की मग ‘फॉरेस्ट’! वनशास्त्राला आम्ही विद्यांच्या पंगतीतले शेवटचे पान करून ठेवले आहे. फॉरेस्ट म्हणजे मोळीवालीला अडविणारा खाकी कपड्यातला मनुष्य, यापलीकडे आमची कल्पना धावत नाही. आणि ज्यांना ऐन, किंदळ, नाणा साल पाहून ओळखता येतात, कारवी सात वर्षांनी फुलते हे ज्यांनी पुस्तकात नव्हे, डोंगरावर पाहिले, त्या मुलांना आपले हे ज्ञान ज्ञान आहे असे कोणी सांगितलेच नाही. उलट ते लपविण्याची लाज मात्र आम्ही त्यांना शिकविली.

दारे बंद आहेत, असेही नाही. डेहराडूनला १८७८ साली वनविद्यालय निघाले, १९०६ साली तेथे वनसंशोधन संस्था उभी राहिली, आणि १९९१ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. तेथील वनशास्त्राच्या एम. एस्सी.ला वनशास्त्राचीच पदवी लागते असे नव्हे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, भूगर्भ यांपैकी एक विषय घेतलेला विज्ञानाचा पदवीधरही अर्ज करू शकतो. आमच्या महाविद्यालयांतून दर साल बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? भोपाळची वनव्यवस्थापन संस्था १९८२ ची. कृषी विद्यापीठे सामान्यतः वनशास्त्राची वा शेतकीची चार वर्षांची पदवी मागतात. पण त्यांतली दोन वनमहाविद्यालये तर आमच्या दोन हातांवर आहेत. एक कोकणात दापोलीला, दुसरे सिरसीला.

सिरसीचे नाव काढताच काही भुवया चढतील. धारवाडच्या विद्यापीठाखालचे महाविद्यालय, तेथे आमच्या मुलांनी जावे काय? अवश्य जावे! सीमेचा लढा हक्काचा आहे, अज्ञानाचा नव्हे. ऐनाला कानडीत मत्ती म्हणतात हे कळल्याने ऐन बाटत नाही. सह्याद्रीचे एकच रान दापोलीकडून पाहिले काय आणि सिरसीकडून पाहिले काय, विद्यार्थ्याचा लाभच आहे.

हा केवळ नोकरीचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाले. त्याच्या पोटातील गावांनी तेथे राहावे की उठावे; २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने आपला दावा कसा मांडावा; म्हादईच्या उगमाकडे कळसा-भांडुरा योजनेत वनजमीन द्यावी की न द्यावी; २००२ च्या सुमारास दांडेलीकडून उतरून खानापूर, चंदगड, सिंधुदुर्गापर्यंत पोचलेल्या हत्तींचे काय करावे, या प्रत्येक प्रश्नाच्या फायलीवर शेरा मारणारा कोणीतरी वनशास्त्र शिकलेला असतो. तो शेरा मारताना त्याला मचाणावरची रात्र आठवते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आमची मुले ते टेबल गाठीत नाहीत. मग निर्णय परका वाटला म्हणून आम्ही मोर्चे काढतो!

मारुती चितमपल्ली कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकले, आयुष्यभर वनखात्यात राहिले, आणि रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी मराठीत आणले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आम्ही श्रद्धांजलीच्या सभा भरविल्या. त्या सभांत एकाही वक्त्याने, आपल्या मुलाला त्या वाटेने पाठवितो, असे म्हटल्याचे आमच्या कानी नाही.

इंग्रजीची भिंत आहे, हे आम्हांस मान्य आहे. भारतीय वनसेवेच्या मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिका आजही इंग्रजीतच लिहाव्या लागतात. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु तो दूर होईतो मुलांनी घरी बसावे काय? इंग्रजी शिकविता येते. रान शिकविण्यास मात्र वीस वर्षे लागतात, आणि ती या मुलांनी आधीच भरलेली आहेत.

प्राध्यापकांनाही दोन शब्द. विद्यार्थ्याने शिफारसपत्र स्वतःच लिहून आणावे आणि आपण खाली सही ठोकावी, ही रीत आमच्या परिचयाची आहे. ‘अत्यंत हुशार, मेहनती व नम्र’ असे लिहिलेल्या शंभर पत्रांत कोणता मुलगा कोणता, हे निवड करणाऱ्याने ओळखावे कसे? त्याने कोणत्या ओढ्याकाठचे नमुने गोळा केले, सहलीत कोणते झाड चुकीचे ओळखले आणि ते मान्य केले काय, हे लिहा. त्यासाठी अर्थात विद्यार्थ्याबरोबर एकदा तरी रानात जावे लागेल.

तो तरुण विकतची पाने आमच्या टेबलावरच टाकून गेला. परवा त्याने नवे पान आणले. हत्ती, भात, रॉकेलचे टेंभे, वडिलांचा खोकला, आणि हत्तीची जुनी वाट कोणत्या नाल्याने जात होती याविषयी म्हाताऱ्यांत असलेला मतभेद. इंग्रजीच्या सहा चुका होत्या. आम्ही तेवढ्याच दुरुस्त केल्या.