बीडचा मुसलमान कोणत्या बाहुलीत?

शाळेच्या प्रदर्शनात आणि कार्यालयांच्या काचेच्या कपाटात ‘आपला भारत’ दाखवणाऱ्या बाहुल्यांचे दोन संच असतात. एक राज्यांचा, एक धर्मांचा. राज्यांच्या संचात महाराष्ट्राची बाई नऊवारी नेसते, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, शेजारी फेट्यातला गडी. धर्मांच्या संचात मुसलमान शेरवानीत उभा, डोक्यावर रुमी टोपी.

माझा प्रश्न साधा आहे. बीडचा मुसलमान यातल्या कोणत्या संचात बसतो?

पहिल्यात नाही, कारण तिथे मराठी माणूस हिंदूच असतो. दुसऱ्यात मुसलमान आहे, पण तो बीडचा नाही, लखनौच्या सिनेमातून आलेला आहे. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात मुसलमान सुमारे बारा टक्के होते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, कुरेशी, शेतमजूर. यातला शेरवानीत बाजारात जाणारा एक तरी दाखवा.

त्या रुमी टोपीचीही गंमत आहे. खुद्द तुर्कस्तानने ती १९२५ साली कायद्याने उतरवली. १९४८पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा साहेबलोकांच्या डोक्यावर ती दिसायची. रानात राबणाऱ्याच्या डोक्याला तेव्हाही मुंडासंच होतं. बाहुलीवरून मात्र ती अजून उतरत नाही.

माझी दादी आयुष्यभर लुगडं नेसली. गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा, जो दखनी मुसलमानांत लग्नात नवरीला बांधतात. घरात दखनी बोलायची, बाजारात मराठी. तिची बाहुली केली तर खाली काय लिहाल? ‘महाराष्ट्रीय’ म्हणायला कुंकू नाही, ‘मुस्लिम’ म्हणायला बुरखा नाही.

२०१२ साली मॅटेल कंपनीने ‘डॉल्स ऑफ द वर्ल्ड’ मालिकेत भारताची बार्बी काढली. गुलाबी साडी आणि सोबतीला माकड! अमेरिकेला भारत कळला नाही, असं म्हणायला आपण मोकळे. पण शेकडो मैलांवरचा पोशाख शेजाऱ्याच्या अंगावर चढवणारे आपणच. ते माकड निदान ओळखू तरी येतं.

बाहुलीने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी आमच्या पोरांना विचारावं. पुण्यात खोली बघायला गेलं की घरमालक म्हणतो, “मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!” ही शाबासकी नव्हे. त्याने लहानपणी पाहिलेल्या त्या कपाटातच ती तयार झाली.

आणि आपल्या लोकांनाही सांगायचं आहे. गॅदरिंगला पोराला भाड्याची शेरवानी चढवून स्टेटसला फोटो कोण टाकतं? दादीच्या लुगड्याचा फोटो पेटीत, आणि भिंतीवर कधी न पाहिलेली नवाबी! काहीजण म्हणतील, २००३ साली सीरियाच्या कंपनीने बार्बीला उत्तर म्हणून हिजाबवाली ‘फुल्ला’ आणली, तशी आपणही काढू. जरूर काढा. पण एक गणवेश उतरवून दुसरा चढवल्याने बीडची बाई सापडत नाही.

शिक्षकांनो, पुढच्या प्रदर्शनाआधी एकदा बागवान गल्लीतून चक्कर मारा. डोक्यावर पदर घेऊन लसूण निवडणारी बाई दिसेल. तशीच बाहुली करा, पिनसुद्धा बदलू नका. आणि ती धर्मांच्या संचात ठेवू नका. राज्यांच्या संचात ठेवा, नथवालीच्या शेजारी. पाटी दोघींना एकच: महाराष्ट्र.