परस्पर जामीन

बँकेत असताना कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यात एक प्रकार हमखास आढळे. 'अ'ला 'ब' जामीन, 'ब'ला 'क' जामीन आणि 'क'ला पुन्हा 'अ'च जामीन. तिघेही सज्जन, सह्याही खऱ्या. पण तिघांची मिळून एकाचीसुद्धा पत होत नसे. असे अर्ज मी परत पाठवी. तेव्हा ज्यांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील, त्यांचा सूड गेल्या वर्षी पुरा झाला.

निवृत्तीनंतर मी माझ्या कथा-कादंबऱ्यांचे एक संकेतस्थळ काढले. घरच्यांखेरीज तिकडे कोणी फिरकेना. भाचा म्हणाला, "मामा, बुकमार्किंगच्या साइटवर टाका ना." बुकमार्क म्हणजे आपली वाचनखूण. इंटरनेटवर आवडलेल्या पानाची खूण सर्वांना दिसेल अशी ठेवायची, इतरांनी मते द्यायची, अधिक मतांचे पान वर चढायचे. २००३चे डिलिशस आणि २००४चे डिग ही यातली जुनी नावे. डिलिशसने २०१७ मध्ये नव्या खुणा घेणे थांबवले, स्टंबलअपॉन २०१८ मध्ये बंद झाले. २००५चे रेडिट मात्र अजून जोरात आहे.

मी अशाच एका साइटवर खाते उघडले आणि आठवड्याभरात माझीच अकरा पाने तिथे नेऊन ठेवली. (पहिल्याच आठवड्यात अकरा चेक घेऊन येणाऱ्या नव्या खातेदाराकडे मी कसा पाहिला असता, हे तेव्हा सुचले नाही.) मते पडेनात, म्हणून भाचा आणि त्याचे दोन मित्र यांनी आमच्याच दिवाणखान्यात बसून मते दिली. चहा-पोहे माझे. त्यानंतर एकदम शांतता. माझी पाने मला दिसत होती, दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हती. या शिक्षेला शॅडोबॅन म्हणतात. पूर्वी गाव वाळीत टाकी, पण त्या माणसाला ते निदान कळे तरी! मी महिनाभर रिकाम्या सभागृहात भाषण करीत होतो.

राग ओसरल्यावर नियम वाचले. रेडिटवर बरीच वर्षे एक ढोबळ प्रमाण सांगितले जाई : दहा दुवे दिलेत, तर त्यातला एक स्वतःचा. मते मागणे किंवा गट करून देणे तिथे निषिद्ध आहे. हे केवळ किरकोळांसाठी नव्हे; जून २०१२ मध्ये 'द अटलांटिक' आणि 'बिझनेसवीक' यांचे दुवेही रेडिटने काही काळ बंद केले होते. गंमत अशी, की याच रेडिटच्या संस्थापकांनी सुरुवातीला वर्दळ दिसावी म्हणून स्वतःच खोट्या नावांनी दुवे टाकले होते. स्टीव्ह हफमन यांनीच ते पुढे जाहीरपणे सांगितले. मालकाने केले तर ती युक्ती, गिऱ्हाइकाने केली तर लबाडी!

तरीही मी नियमाच्याच बाजूने आहे. ज्याचा काही लाभ नाही, त्याने दिलेली शिफारस, एवढेच त्या यादीचे मोल. ती गेली की उरते जाहिराती चिकटवलेली भिंत. एकट्या लेखकावर हा नियम जड पडतो हे खरे. मोठ्यांचे दुवे त्यांचे वाचकच देतात. आमचे कोण देणार? पण नवे खाते काढून मागच्या दाराने शिरणे मला पटेना. व्यवस्थापकांना पत्र लिहून सगळे कबूल केले, पोह्यांसकट. खाते परत मिळाले.

मग तीन महिने फक्त इतरांची पाने वाचली, आवडलेली ठेवली, कोणी काही विचारले तर उत्तर दिले. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : तोवर मी तिथे कोणाचे एक अक्षरही वाचले नव्हते.

गेल्या आठवड्यात 'हे माझेच लिखाण आहे' असे वर स्पष्ट लिहून एक प्रकरण ठेवले. दोन मते पडली. एका अनोळखी गृहस्थाने लिहिले, की परगावचा चेक त्या काळी दुसऱ्याच दिवशी वटणे अशक्य होते. त्यांचे बरोबर आहे. आणि ही चूक माझ्याकडून! दोनांतले एक मत भाच्याचे तर नाही ना, म्हणून त्याला विचारले. त्याने शपथेवर सांगितले, की त्याने ते प्रकरण वाचलेलेच नाही.