यंदा मुलांची भेट ज्ञानपंचमीला



दिवाळीची साफसफाई सुरू झाली की बहुतेक घरांत माळ्यावरून तुटक्या खेळण्यांची एक पिशवी खाली येते. चाक निघालेली रिमोटची गाडी, सेल गळालेला रोबोट, एकसारख्या तीन कंपासपेट्या. हे सगळं कुणीतरी प्रेमाने, चांगले पैसे मोजून दिलेलं असतं आणि पुष्कळदा गेल्याच दिवाळीत. मूल त्याच्याशी दोन दिवस खेळतं, तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात जातं.

यावर्षी मला तुमच्यापुढे एक सूचना ठेवायची आहे. मुलांच्या भेटी पाडवा-भाऊबीजेच्या धांदलीतून काढून ज्ञानपंचमीला द्याव्यात. एका मुलामागे २०० रुपयांची मर्यादा नातेवाइकांनी आपसांत ठरवून घ्यावी. आणि भेट अशी असावी की ती घरी आल्यावर मुलाच्या हाताला काम मिळेल.

आधी मर्यादेबद्दल बोलते, कारण आपल्या भिवंडीत हा नुसता आवडीनिवडीचा विषय नाही. लूमचा धंदा कधी चालतो, कधी बसतो. माल गोडाऊनमध्ये पडून आहे, पार्टीचं पेमेंट अडकलं आहे, अशा घरातल्या बाईलाही जावेच्या आणि नणंदेच्या मुलांना 'साजेसं' काहीतरी द्यावंच लागतं. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी गेल्या वर्षी भाऊबीजेला माहेरी जाणं टाळलं. तब्येतीचं कारण सांगितलं. खरं कारण हे होतं की भाच्यांना द्यायला हातात काही नव्हतं, आणि मागच्या वर्षी त्यांच्या मुलांना तिकडून महागड्या सायकली मिळाल्या होत्या. मुलांच्या भेटीपायी भावाबहिणीची भेट राहून जाते, तेव्हा त्या भेटीचा काय उपयोग? अपरिग्रह आपण पर्युषणात ऐकतो. तो दिवाळीच्या खरेदीच्या यादीतही यायला हवा.

आता ज्ञानपंचमीच का? कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे बाजाराची लाभपंचमी. त्या दिवशी दुकानांचे मुहूर्त होतात आणि उपाश्रयात ज्ञानाची पूजा होते. ग्रंथ मांडले जातात, मुलं आपल्या वह्या, पाट्या, पेन घेऊन येतात. दिगंबर बहिणींची श्रुतपंचमी ज्येष्ठात येते, तिचाही भाव हाच. या दिवसाची वरदत्त आणि गुणमंजरीची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. गुणमंजरी पूर्वभवात सुंदरी नावाची आई होती. गुरुजी रागावतात म्हणून मुलं रडत घरी आली, तर तिने त्यांची पाटी-पुस्तकंच चुलीत घातली. ज्ञानाच्या उपकरणांची आशातना केल्याचं फळ तिला पुढच्या भवात भोगावं लागलं. कथा सांगताना आपण पाप-पुण्यावर जोर देतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलाच्या हातात काय द्यायचं आणि काय काढून घ्यायचं, हे त्या घरात आई ठरवत होती. आजही बहुतेक घरांत तीच ठरवते.

एक व्यवहाराचं कारणही आहे. पाडव्यापर्यंत आपण चकली, शंकरपाळे आणि पाहुण्यांत बुडालेल्या असतो. हाताने करण्याच्या भेटीला पहिल्या दिवशी मोठ्या माणसाचा अर्धा तास लागतो, तो तेव्हा मिळत नाही. पंचमीला घर जरा शांत झालेलं असतं आणि शाळेची सुट्टी बहुधा शिल्लक असते.

आता २०० रुपयांच्या आत काय देता येईल ते सांगते. यातलं बरंचसं सामान घरात किंवा कारखान्यात पडलेलंच असतं.

पहिली भेट, पुठ्ठ्याचा माग. ज्या गावात रात्रंदिवस लूमची खटखट चालते, तिथल्या आपल्याच मुलांना ताणा कुठला आणि बाणा कुठला हे सांगता येत नाही. वहीएवढा जाड पुठ्ठा घ्या. काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोडाऊनमधून निघालेली खोकी आपल्या दारात येऊन पडतातच. पुठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा आणि त्यांतून जाड सूत उभं ताणून बांधा. हा झाला ताणा. मग रंगीत दोरा किंवा चिंधीची पट्टी एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून अशी आडवी न्यायची. परतताना उलट करायचं, जिथे वरून गेलो तिथे खालून. प्रत्येक ओळ कंगव्याने खाली दाबायची. लूमवरची फणी हेच काम करते आणि धोटा हाच दोरा नेतो, फक्त फार वेगाने. सात-आठ वर्षांचं मूल दोन-तीन दिवसांत पेल्याखाली ठेवायचं आसन विणतं. भेट म्हणून खाचा पाडलेला पुठ्ठा, चार रंगांच्या सुताच्या गुंड्या आणि एक बोथट मोठी सुई पिशवीत घालून द्या. नंतर एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलाला खरा लूम दुरून दाखवा. आपले आजोबा, काका काय काम करत आले, हे त्याला तेव्हा कळेल.

दुसरी भेट, ज्ञानबाजी. सापशिडी हा खेळ आपल्याकडे पूर्वीपासून आहे. महाराष्ट्रात तो मोक्षपट म्हणून ओळखला जातो. जैनांमध्ये ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड नावाने त्याचे ८४ घरांचे पट होते, गुजरात-राजस्थानात कापडावर रंगवलेले. आपण कोऱ्या कापडाचा एक तुकडा घ्यावा, त्यावर पेन्सिलने १२ ओळी आणि ७ रकाने आखून द्यावेत आणि पुढचं मुलांवर सोडावं. वर सिद्धशिला, खाली सुरुवात. चार मोठे साप म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ. चार शिड्या म्हणजे दान, शील, तप, भाव. बाकीचे साप आणि शिड्या मुलांनी ठरवायच्या. नळ उघडा ठेवला तर साप, मुंगी पाण्यातून बाहेर काढली तर शिडी, आजीचं औषध आठवणीने दिलं तर शिडी. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके चालतात. या खेळात चित्र आहे, मोजणी आहे, आणि कोणतं वागणं कुठे नेतं यावर भावंडांची भरपूर भांडणंही आहेत. पाठशाळेत दोन महिने शिकवलेले कषाय या भांडणांत चांगले पक्के होतात.

तिसरी भेट, रंग आणि कोरे कागद. चित्रं रंगवायच्या छापील पुस्तकापेक्षा कोऱ्या कागदांचा गठ्ठा द्या. तीन बत्तीच्या बाजारात तो स्वस्त मिळतो, आणि लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूही चांगल्या असतात. मात्र ब्रश घेताना दुकानदाराला विचारा की केस कशाचे आहेत. चित्रकलेचे काही ब्रश मुंगसाच्या किंवा खारीच्या केसांचे बनतात. मुंगूस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे, तरी असे ब्रश पकडले गेल्याच्या बातम्या येतात. नायलॉनचा ब्रश मागा, तो सहसा स्वस्तही पडतो. आपण लोण्यापासून मधापर्यंत चौकशी करतो, मग मुलाच्या हातातल्या ब्रशची का नको?

चौथी भेट, काड्या आणि नळी. अरविंद गुप्ता हे नाव काहीजणींनी ऐकलं असेल. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेल्या या गृहस्थांनी पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ मोबाइलवर फुकट पाहता येतात, मराठीतूनही. त्यांचं एक साधं खेळणं म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बारीक तुकडे आणि गुल काढून टाकलेल्या काडेपेटीच्या काड्या. नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसून त्रिकोण करा, चौकोन करा. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. पूल, विजेचे मनोरे आणि पत्र्याच्या शेडच्या कैच्या यांत त्रिकोण का दिसतात, ते मुलाच्या बोटांना आधी कळतं आणि पुस्तकात नंतर.

पाचवी भेट, वाचायला काहीतरी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचा दिवाळी अंक असतो आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या मुलांना मराठी वाचायला जड जातं, म्हणून अंक देताना त्यातली एक गोष्ट आपण वाचून दाखवायची आणि अर्ध्यावर थांबायचं.

आणि एक भेट तर बिनपैशाची. नवव्या शतकात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' ग्रंथात असे गुणाकार आहेत ज्यांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्हीकडून सारखी दिसतात. १३९ गुणिले १०९ केले की १५१५१ येतात. १२३४५६७९ गुणिले ९ केले की नऊ वेळा १. एका कार्डावर फक्त प्रश्न लिहा, उत्तराची जागा कोरी ठेवा आणि खाली लिहा, 'असा अजून एक हार शोध'. पाचवी-सहावीतल्या मुलाला एक दुपार पुरते.

आता तुमच्या मनातल्या शंका. 'आजकालच्या मुलांना हे आवडणार नाही.' काहींना नाही आवडणार. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पुठ्ठ्याचा माग बालिश वाटेल. त्याला धाकट्यांसाठी पट आखून द्यायला सांगा, किंवा त्याच्या आवडीचं एक पुस्तक द्या. जबरदस्तीची भेट ही भेट नसते. पण सात ते बारा वयाची मुलं तयार खेळण्यापेक्षा स्वतः केलेली वस्तू जास्त दिवस सांभाळतात, हे मी घरातल्या आणि पाठशाळेतल्या मुलांत पाहिलं आहे. तोरण वाकडं असलं तरी ते काढू देत नाहीत.

'स्वस्त वस्तू दिली तर लोक काय म्हणतील?' ही शंका खरी आहे आणि तिच्यावर उपाय एकच आहे. मर्यादेची गोष्ट घरात जिची परिस्थिती सगळ्यात चांगली आहे तिने काढली पाहिजे. अडचणीत असलेल्या जावेने २०० रुपयांची गोष्ट काढली तर सगळ्यांना तिच्या घरची अवस्था कळते. मोठ्या घरच्या वहिनीने काढली तर तो घराचा नियम होतो, आणि धाकटीला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही. तुमच्यापैकी जिला देवाच्या कृपेने काही कमी नाही तिला मी हेच सांगेन की यंदा तुमचं सगळ्यात मोठं दान हे आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर तुम्ही पहिला मेसेज टाका. खरेदी सुरू व्हायच्या आधी, याच आठवड्यात टाका.

पाठशाळेच्या प्रभावनेलाही हाच विचार लावता येईल. ज्या बहिणी लाभ घेतात त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी ज्ञानबाजीचा आखलेला पट आणि चार खडू दिले तर पंचमीची दुपार मुलं एकत्र काढतील.

शेवटचं एक. पाच पिशव्या भरायला बसलात की दोन जास्त भरा. एक आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलांसाठी, एक लूमवर काम करणाऱ्या एखाद्या कुटुंबासाठी. त्यांत तेच सूत, तोच पुठ्ठा, तेच कागद असू द्या. वेगळं, हलकं काही नको. मागाची पिशवी उघडल्यावर विणकराचं मूल कदाचित आपल्याच मुलाला शिकवेल. तशी वेळ आली तर दोघांना शेजारी बसवा.

जय जिनेंद्र.