माळ्यावरची बरणी

दिवाळीला आठ दिवस होते. लातूरहून ताईचा फोन आला, "फराळाला येणारच आहेस, तर जरा लवकर ये. तुझ्या भाच्याने माळ्यावर काहीतरी मांडलंय, अन् ते रात्रभर सूं-सूं करायलंय!"

बहिणीचे असे बोलावणे कोण टाळणार? नांदेडहून सकाळची एस.टी. धरली.

माळ्यावर लोणच्याची काचेची बरणी होती. आत जांभळे पाणी, वर फेस. पत्र्याचे झाकण घट्ट फिरवलेले, पण मध्ये फुगून वर आलेले. मी ते आधी हळूच सैल केले. जो फुस्सकन आवाज झाला, त्याने ताई दोन पावले मागे सरली.

"काय करायलास रे हे?"

"वाईन, मामा! गंजगोलाईतून द्राक्षरसाची पाकिटे आणली. त्यात दोन वाट्या साखर, अन् पावाचे यीस्ट."

आता हे यीस्ट, म्हणजे खमीर, साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू देते. शंभर ग्रॅम साखर पुरती आंबली तर सुमारे २५ लिटर वायू निघतो! दोन बादल्यांएवढा हा वायू घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडला की काचेचे काय होईल, हे वाचकांना निराळे सांगायला नको. माळ्याच्या बरोबर खाली माझी धाकटी भाची झोपत होती. हे ऐकल्यावर चिरंजीवांचा चेहरा प्रथमच उतरला.

त्याची आधीची एक बरणी मात्र चार दिवस ढिम्म हलली नव्हती. पाकीट उलटे करून पाहिले, तर बारीक अक्षरांत सोडियम बेंझोएट. ते घातलेल्या रसात खमीर वाढत नाही. दुकानदार त्यासाठीच तर तो रस महिनोन्‌महिने फळीवर ठेवू शकतो.

गंमत म्हणजे बाटलीबंद द्राक्षरस जन्माला आला तोच मुळी वाईन होऊ नये म्हणून. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातल्या व्हाइनलँड गावी टॉमस वेल्च नावाचे दंतवैद्य होते. चर्चमधल्या विधीला मद्य नको, असा त्यांचा आग्रह. १८६९ साली त्यांनी रस बाटल्यांत भरून त्या बाटल्याच गरम पाण्यात तापवल्या. पाश्चरने दाखवले होते तसेच झाले. उष्णतेने आतले खमीर मेले आणि रस हा रसच राहिला. त्या भल्या गृहस्थाने एवढा खटाटोप केला, आणि आमचे चिरंजीव तो माळ्यावर बसून उलटवत होते.

"पण मामा, वाईन म्हणजे दारू थोडीच? २०२२ मध्ये सरकारच मोठ्या दुकानांत विकू देणार होतं की!"

त्या जानेवारीत मंत्रिमंडळाने तसे ठरवले होते खरे, आणि त्यावर घरोघर वादही झाले. पण ती गोष्ट विकण्याची. घरी करण्याची नव्हे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून चालू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते विकायचे असो की घरच्या घरी चाखायचे. नाशिककडच्या वाईनरीवाल्यांनाही परवाना काढावाच लागतो.

ताईला भीती निराळीच. मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ते तिच्या डोक्यात बसलेले. मी सांगितले, ते मिथाइल अल्कोहोलचे विष होते, द्राक्षरसात खमीर घातल्याने तसले काही होत नाही. तिला पटले असे वाटले नाही. मीही फार ताणले नाही. त्या घरात सासरे माळकरी. त्यांना कळले असते तर कायद्याची कलमे बाजूलाच राहिली असती.

दोन्ही बरण्या भाच्यानेच मोरीत ओतल्या. ताईने त्या तीनदा घासल्या, उन्हात ठेवल्या, आणि एकीत चकल्या भरल्या.

तिसरे पाकीट शिल्लक होते. पाडव्याला ते बर्फ घालून सर्वांना दिले. आजोबांनी पेला तोंडाजवळ नेला, थांबले, चष्मा चढवला आणि म्हणाले, "ते पाकीट आणा बरं इकडे."