स्वभावाचा लिलाव

लिलावात खेळाडूला किंमत मिळते आणि स्वभाव फुकटात चिकटतो. हातोडा पडून अर्धा तास होत नाही तोवर आपल्याला कळतं की हा नवा पोरगा 'बिनधास्त' आहे, तो दुसरा 'बर्फासारखा थंड' आहे आणि तिसरा तर 'गावाकडचा हिरा'. कळतं कोणाकडून? जे त्याला आयुष्यात एकदाही भेटलेले नाहीत त्यांच्याकडून! दीड मिनिटाचा व्हिडिओ, मागे ढोलताशा, मधे आईवडिलांचा एक फोटो, झालं. अठरा वर्षांच्या पोराचं व्यक्तिमत्त्व पॅक होऊन बाजारात हजर.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या खेळाडूंच्या स्वभावाची ही जी वर्णनं आपण चवीने वाचतो आणि पुढे ढकलतो, ती बहुतेक वेळा खोटी असतात. बरं, नुसती खोटी असती तर चाललं असतं. ती सोयीची असतात, आणि खरा त्रास तिथे आहे.

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घ्या ना. अर्शिन कुलकर्णी. २०२३ च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सोलापूर रॉयल्सचा आयकॉन खेळाडू होता लोणावळ्याचा विकी ओस्तवाल, आणि सोलापूरचा अर्शिन खेळत होता ईगल नाशिक टायटन्सकडून. (यात चूक काही नाही, लिलावात असंच होणार. पण 'मातीशी नातं' वगैरे जाहिराती वाचताना हे लक्षात असू द्या.) पुणेरी बाप्पाविरुद्ध गहुंज्यात त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा ठोकल्या, त्यात १३ षटकार, वर ४ विकेट, आणि टीम जिंकली एका धावेने. दुसऱ्या दिवसापासून शिक्का तयार : निडर, आक्रमक, 'पुढचा हार्दिक पांड्या'. डिसेंबरमध्ये लखनौ सुपर जायंट्सने त्याला २० लाखांना घेतलं आणि शिक्का अजून ठळक झाला.

आता पुढचं बघा. जानेवारी २०२४, दक्षिण आफ्रिकेत अंडर-१९ विश्वचषक, समोर अमेरिका. याच अर्शिनने शतक केलं, १०८ धावा, पण घेतले ११८ चेंडू. एकेक धाव जमवत, डाव बांधत. मग हा निडर की संयमी? तीन महिन्यांनी, ३० एप्रिलला, मुंबई इंडियन्सविरुद्ध आयपीएलमधलं पदार्पण, आणि पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद. मग आता काय, घाबरट? पोरगा तोच आहे राव! पिच बदललं, फॉरमॅट बदलला, समोरचा बॉलर बदलला, टीमला काय हवंय ते बदललं. ज्याला आपण 'स्वभाव' म्हणून विकतोय त्यातला मोठा भाग परिस्थिती आहे.

या खोडीला मानसशास्त्रात नाव आहे. ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर म्हटलं. साध्या भाषेत सांगायचं तर दुसरा माणूस जे करतो त्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती बघायला विसरतो. आपल्या प्रोजेक्टमध्ये हे रोज चालतं. मी बग टाकला तर डेडलाइन जवळ होती, तुम्ही टाकला तर तुम्ही निष्काळजी!

अर्शिनच्या बाबतीत ही गंमत म्हणून सोडून देता येईल. किरण नवगिरेच्या बाबतीत मला ती सोडवत नाही.

किरण आपल्याच जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. आधी भालाफेक, गोळाफेक करणारी ॲथलीट, क्रिकेटकडे उशिरा वळलेली. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचलविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरूनसुद्धा. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या डब्ल्यूपीएलच्या लिलावात यूपी वॉरियर्सने तिला ३० लाखांना घेतलं. ५ मार्चला गुजरात जायंट्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात तिने ५३ धावा केल्या, आणि कॅमेऱ्याने तिची बॅट टिपली. बॅटवर कंपनीचा स्टिकर नाही, हाताने लिहिलेलं : एमएसडी ०७.

झालं! सगळीकडे एकच गोष्ट. किती गोड, किती साधी, धोनीची केवढी भक्त! भक्त ती आहेच, तिने स्वतः सांगितलंय. पण त्या बॅटवर लिहायला जागा मोकळी होती, कारण तिला बॅटचा प्रायोजकच नव्हता. भारताकडून खेळून झालेली, देशात कोणी केला नव्हता असा विक्रम नावावर असलेली बॅटर, आणि तिच्या बॅटवर पैसे लावायला एक कंपनी पुढे आलेली नव्हती. ही बातमी होती. आपण तिचं 'क्यूट' करून टाकलं. व्यवस्थेची उणीव बघता बघता त्या मुलीचा साधेपणा झाली. आणि महाराष्ट्राच्या मुलीला तो विक्रम नागालँडच्या जर्सीत का करावा लागला, हा प्रश्न त्या व्हिडिओत कुठे होता? प्रश्न विचारला की चौकशी करावी लागते. 'जिद्दी' म्हटलं की काम संपतं.

सोयीची वर्णनं म्हणतो ती ही. ज्याला मैदान मिळालं नाही तो 'संघर्षातून घडलेला'. जिला साहित्य मिळालं नाही ती 'साधी'. बाकावर बसवलेला पोरगा 'शिकाऊ वृत्तीचा'. प्रत्येक विशेषणामागे कोणीतरी न केलेलं काम झाकलेलं असतं. मैदानाचंच बघा. सोलापूरचं पार्क स्टेडियम सगळ्यांना माहीत आहे, जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना तिथे झाला तेव्हा गावाला केवढा आनंद! पण मिऱ्याहून पार्क किती लांब आहे, तिथल्या मुलीने रोज नेटला कसं यायचं, याचं उत्तर 'जिद्द' हे नसतं. त्याचं उत्तर एसटीचं वेळापत्रक असतं.

आता तुम्ही म्हणाल, टेम्परामेंट नावाची गोष्ट असतेच की! शेवटच्या ओव्हरमध्ये सहा धावा वाचवायच्या असतील तर स्वभाव लागतोच. मान्य, शंभर टक्के मान्य. पण तो ओळखायला वेळ लागतो. ज्या कोचने चार सीझन पोराला हरताना, दुखापतीत, टीमबाहेर बसलेला पाहिलंय, त्याने सांगावं, मी ऐकेन. लिलावाच्या संध्याकाळी टीमच्या मार्केटिंगवाल्याने सांगू नये.

आणि ज्यांच्याकडे पैसा, माणसं, यंत्रणा सगळं आहे त्यांनाही हे जमलेलं नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. त्याआधी त्यांना पळवतात, मोजतात, मुलाखती घेतात. वर्षानुवर्षं त्यांना वंडरलिक नावाची परीक्षा द्यावी लागायची, १२ मिनिटांत ५० प्रश्न. २०२२ मध्ये एनएफएलने ती बंद करून टाकली. आणि २००० साली याच सगळ्या तपासणीतून टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला होता, ज्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. एवढी तपासणी करून हे, आणि आपण रीळ बघून पोराच्या मनाचा ठाव घेतोय!

हे फक्त क्रिकेटचं दुखणं असतं तर मी शनिवार त्यावर घालवला नसता. मंडळी, आपण स्वतः याच लिलावातून आलोय. कॅम्पसला आलेल्या कंपनीने वीस मिनिटांत ठरवलं की कोण 'लीडरशिप मटेरियल' आणि कोण 'शांत, बॅक-एंडला चांगला'. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला आलेला पोरगा इंग्रजीत अडखळतो म्हणून त्याच्या फॉर्मवर 'इंट्रोव्हर्ट' लिहिलं जातं. अरे, त्याला पार्क चौकात मित्रांमध्ये बघा, 'काय बे' करून सुरू झाला की थांबत नाही! तो अबोल नाही, तुमची भाषा त्याच्या घरची नाही. पण एकदा शिक्का बसला की क्लायंट कॉलला त्याला बसवत नाहीत, बसवत नाहीत म्हणून तो शिकत नाही, आणि तीन वर्षांनी अप्रायझलमध्ये पुन्हा तेच लिहिलं जातं. शिक्का खरा होतो तो असा.

खेळाडूचंही हेच होतं. ज्याला 'षटकारवाला' म्हणून घेतलं त्याला पहिल्या चेंडूपासून फिरवायला लागतं. एकेक धाव घेत बसला तर लोक म्हणणार, दबावात आला!

म्हणून पुढच्या लिलावाला एक करा. नव्या नावापुढे विशेषण दिसलं की ते खोडून तिथे प्रश्न लिहा. कोणत्या मैदानावर शिकला? कोणी शिकवलं? बॅटचे पैसे कोणी भरले? किती सामने खेळवणार आहात, आणि दोनदा शून्यावर आउट झाला तर तिसरा सामना देणार का? टीमवाल्यांकडे याची उत्तरं नसतील तर त्यांना खेळाडूच्या स्वभावावर बोलायचा काही अधिकार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात किरणने पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं सर्वात वेगवान. यावेळी अंगावर महाराष्ट्राची जर्सी होती. तिचा स्वभाव कसा आहे ते मला माहीत नाही, आणि तिने तो मला सांगायची काही गरजही नाही. तिला खेळायला मिळालं तेव्हा तिने काय केलं, ते स्कोअरकार्डवर लिहिलेलं आहे.