केळीबागेतील तिसरा प्रश्न

परगावच्या माणसास जैनाबादचे नाव सांगितले की त्याला १६३१ साली निवर्तलेल्या मुमताजमहलची तात्पुरती कबर आठवते. गावकऱ्यांस मात्र जैनाबाद म्हणजे तापीकाठच्या केळीबागा. मी मूळचा गोव्याकडील. घरची बोली कोकणी. आमच्याकडे कुळागरात सुपारीच्या सावलीला चार केळी उभ्या असतात आणि त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. येथे केळीवर संसार चालतो, तरी तिचा हिशेब अर्धाच मांडला जातो, अशी माझी तक्रार आहे.

यंदा नववीच्या वर्गास मी तीन प्रश्न घरी विचारून येण्यास सांगितले. बागेत झाडे किती? घडाचे वजन सरासरी किती? पंप वर्षात किती तास चालला? पहिल्या दोहोंची उत्तरे मुलांनी तत्परतेने आणली. खत, रोपे, मजुरी यांचे आकडेही कित्येकांस तोंडपाठ होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकाही घरातून आले नाही. यात शेतकऱ्याचा आळस नाही. शेतीपंपाच्या विजेचे देयक बहुधा पंपाच्या अश्वशक्तीवर ठरते, तासांवर नव्हे. ज्याचे पैसे पडत नाहीत, ते कोण मोजील?

आपण मोजून पाहू. सहा फूट बाय पाच फूट अंतराने लावल्यास एकरी सुमारे १,४५० झाडे बसतात. कडक उन्हाळ्यात मोठ्या झाडास दिवसाला वीस लिटरांच्या आसपास पाणी धरले तर एका एकरास रोज २९,००० लिटर झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एक एकर केळ पाचशेहून अधिक माणसांचे पाणी पिते!

म्हणून केळ लावूच नये, असे मी म्हणत नाही. आमचे शेतकरी मागासलेले नाहीत. ऊतिसंवर्धित रोपे आली आणि पूर्वी दीड वर्ष रेंगाळणारे पीक वर्षाच्या आत-बाहेर हाती येऊ लागले. ठिबकामुळे पाटाने वाया जाणारे पाणीही वाचले. परंतु वाचलेले पाणी भूमीच्या पोटात राहिले काय? ज्याने एका एकरात पाणी वाचविले, त्याने बहुधा त्याच पाण्यावर दुसरा एकर लावला. एकरी उत्पन्न वाढले, हे खरे. विहिरीच्या दृष्टीने मात्र काही वाचले नाही. एकर हे माप पाऊसमुबलक प्रांतास शोभते. जेथे जमीन आहे पण पाणी अपुरे आहे, तेथे पाण्याच्या दर घागरीमागे किती पिकले हे पाहणे, यालाच मी कार्यक्षम शेती म्हणेन.

हा विचार माझा नवा नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरला. भूमिहीनासही वाटा मिळाला आणि ऊस, केळ यांसारख्या बारमाही तहानेच्या पिकांना मज्जाव झाला. हा शेवटचा नियम आमच्याकडे कोणी मानणार नाही, आणि तो जसाच्या तसा आणावा असे मलाही वाटत नाही. पण प्रथम मोजावे, मग वाटावे, ही रीत घेण्यास काय हरकत आहे? नदीपलीकडे बुऱ्हाणपुरास १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाने बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपेल तेवढेच पाणी तो उताराने शहरास देई. उपशाची यंत्रे नव्हती, म्हणून मर्यादा आपोआप पाळली जाई. आता ती आपणच पाळावयाची आहे.

विद्यार्थी मित्रहो, यास मोठे साधन लागत नाही. दोनशे लिटरांचे पिंप पंपाखाली ठेवावे आणि ते किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे. पंपाचे तास भिंतीवर खडूने लिहावेत. बागतोडणी झाली की एकूण वजनास त्या तासांनी भागावे. नववीतील एका मुलीने हे मन लावून केले. तिच्या घरचे पिंप डिसेंबरात जेवढ्या वेळात भरे, त्याच्या दुप्पट वेळ एप्रिलात लागू लागला. तिची वही तपासून मी परत दिली. दुसऱ्या दिवशी ती वहीविना शाळेत आली. वडिलांनी मागून घेतली आहे, म्हणाली. अद्याप त्यांनी ती परत केलेली नाही.